फकिरामामांची डावी बाजू

फकिरामामांचा उजवा हात चांगला धडधाकट होता. एका सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता, सहाजणांच्या देखत, तो मी लुळा करून टाकला.

झालं ते असं. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला वर्गातून उठवून ओपीडीत सोडतात. ह्याला पोस्टिंग म्हणतात. तीन वर्षं सांगाड्याचे हात हलवलेले असतात, आता माणसांचे हलवायचे. सांगाडा दुखलं म्हणून ओरडत नाही आणि त्याला घरी जायची घाईही नसते, हे त्याचे फायदे तेव्हा कळतात. माझ्या वाट्याला पहिलेच पेशंट आले ते फकिरामामा. वय एकसष्ट, एसटीत कंडक्टर होते, सहा वर्षांपूर्वी लकवा. आदल्या शनिवारी मी त्यांच्यासमोर उभा राहून पाऊण तास तपासलं, मोजलं, ठोकलं, लिहिलं. फक्त त्यांची जी बाजू माझ्या उजव्या हाताला येत होती, ती मी उजवी लिहिली.

ह्याचं खापर मी नांदगावच्या आमच्या शाळेवर फोडतो. कवायतीच्या तासाला सर आमच्याकडे तोंड करून ‘उजवा हात वर!’ म्हणायचे आणि स्वतःचा डावा वर करायचे, आम्हाला सोपं जावं म्हणून. तेव्हापासून समोरच्या माणसाची उजवी बाजू कुठली, हा प्रश्न आला की मी आधी स्वतःचेच हात बघतो.

आमची ओपीडी बघणाऱ्या हर्षाली मॅडम पुण्याहून आलेल्या, येऊन दोनच महिने झालेले. त्यांचा आवाज कधी चढत नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं वाटतं. त्या फाइल हातात घेऊन म्हणाल्या, “हं, रविराज. सांगा.” मी दोन दिवस पाठ केलेलं इंग्रजी वाक्य सोडलं: पेशंटची उजवी बाजू कमजोर आहे, विशेषतः हात.

फकिरामामांना सहा वर्षांत ‘राइट’ आणि ‘लेफ्ट’ एवढं इंग्रजी नक्कीच आलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे. आणि मग त्यांचा उजवा खांदा हळूहळू खाली आला, कोपर दुमडलं, बोटं आत वळली आणि हात मांडीवर येऊन पडला. एक चालता हात माझ्या डोळ्यांसमोर लुळा झाला, आणि माझं डोकं असं की मला वाटलं, बघा, बरोबरच लिहिलं होतं मी!

“मामा, उजवा हात वर करा,” मॅडम म्हणाल्या.

मामांनी तो छातीपर्यंत आणला, थरथरवला, एक सुस्कारा सोडला आणि टाकून दिला. माझ्याशेजारी उभी असलेली निकिता अचानक खोकायला लागली. निकिता आमच्या वर्गात पहिली येते, आणि तिला खोकला कधीच नसतो.

“आणि डावा?”

आता आली पंचाईत. डावा तर खरोखरच वर जात नव्हता. मामांनी थोडा प्रयत्न करून पाहिला आणि सोडून दिला.

“दोन्ही?” मॅडम म्हणाल्या.

“आता मॅडम, वयच झालं म्हना ना.”

मॅडमनी माझ्या हातातून हातोडी घेतली. गुडघ्याखाली ठोकून बघायची छोटी रबरी हातोडी असते आमच्याकडे. उजव्या गुडघ्याखाली ठोकलं, पाय साधा उडाला. डाव्याखाली ठोकलं, तर पाय असा उडाला की मॅडमना मागं सरकावं लागलं. लकव्याच्या बाजूचा पाय जास्त उडतो, हे दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे.

“गुडघ्याला खोटं बोलता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. मला असावं. की मामांना? मग त्यांनी फाइल माझ्या छातीशी लावली. “दोन आठवडे. ह्या माणसाची खरी अवस्था काय आहे ती मला मोजून सांगायची. इथे पासष्ट जण वेटिंगला आहेत. जुन्या फायली मी बघतेय. सुधारणा नसेल तर घरचे व्यायाम लिहून द्यायचे आणि फाइल बंद. त्यांची फाइल चालू ठेवायची की नाही हे तुमच्या आकड्यावर ठरेल. आणि तुमच्या लॉगबुकवर सही करायची की नाही, तेसुद्धा.”

त्या गेल्यावर मी मामांसमोर तसाच उभा राहिलो. मामांनी आधी उजवा हात झटकून पुन्हा चालू केला.

“ए नांदगाव,” ते म्हणाले, “तुझ्यासाठी उजवा पाडला मी. आता तू काय देशील?”

मामांची ही पद्धत. ते कुठल्याच विद्यार्थ्याला नावाने हाक मारत नाहीत. सत्तावीस वर्षं गाडीच्या पाट्या वाचलेला माणूस. पोरगं कुठून आलं ते विचारतात आणि त्याच नावाने हाकारतात. ए नांदगाव, ए सटाणा, ए मनमाड-जलद. निकिता नाशिकचीच, म्हणून ती सिटी. “सिटी, आज लेट का?” असं ते मोठ्याने विचारतात आणि ती खरंच कारण सांगते.

“काय पाहिजे मामा?” मी म्हणालो. “चहा?”

“चहा घरी मिळतो.” त्यांनी मांडीवरची चामड्याची बॅग उघडली. कंडक्टरची जुनी बॅग, पट्टा दोनदा शिवलेला. आतून एक रबरी हातोडी काढली. आमच्यासारखीच, पण मूठ घासून गुळगुळीत झालेली. आधीच्या कुठल्या तरी बॅचचं पोर विसरून गेलं होतं. “सहा वर्षं माझाच गुडघा उडतोय. तुम्हा पोरांचे उडतात का नाय, कुनी बघितलंय का? एकदा तू ह्या पलंगावर बस, आन मला ठोकू दे.”

मी आजूबाजूला बघितलं. निकिता दोन पलंग सोडून उभी होती. पेशंटने डॉक्टरला तपासायचं, तेही पांढऱ्या कोटात, पँट वर करून?

“देतो,” मी म्हणालो. “उद्या.”

“एक गुडघा येनं बाकी,” मामा म्हणाले आणि हातोडी बॅगेत ठेवली.

मामा रोज पावणेनऊला सिटी बसने येतात. खिडकीखालच्या बाकाचं डावीकडचं टोक त्यांचं. (मी दोनदा खात्री केली, डावीकडचंच.) नवा पेशंट घाबरून बसलेला असला की ते सरकून त्याच्याजवळ जातात. “भिऊ नको. पोरं नवी हायेत, पन मोडत नाय काय.” व्यायाम सुरू करायचा झाला की स्वतःच म्हणतात, “टिंग टिंग.” दोनदा बेल म्हणजे गाडी सोडायची. दुखलं की “टिंग.” एकदा बेल, थांबायचं. आमच्या ओपीडीत आता सगळेच पेशंट असं म्हणायला लागलेत. परवा मणक्याचे एक बँक मॅनेजरसुद्धा ‘टिंग’ म्हणाले आणि मग लाजले.

आणि मामा शिकवतात. विद्यार्थ्याने तपासायला घेतलं की सांगतात, “आधी मला डोळे मिटायला सांग, मग बोट हलव. नायतर मार्क जातील.” “घोटा असा झटक, मग बघ कसा थडथडतो.” कुठल्याही परीक्षेला केस हवी असली की मामा. परीक्षक विचारतील त्याच्या आधी उत्तर देणारा हात. सहा वर्षांत किती पोरं त्यांच्यावर पास झाली हे त्यांनाच माहीत, ते म्हणतात, “दोन गाड्या भरतील. उभे प्रवासी धरून.”

असा माणूस मला मोजायचा होता. सोपं वाटलं. गोनिओमीटर म्हणजे दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, मध्ये खिळा. एक पट्टी अंगाशी, एक हाताशी, मधला कोन वाचायचा. चांगला माणूस हात सरळ वर, एकशे ऐंशीपर्यंत नेतो.

मंगळवारी डाव्या हाताचे नव्वद आले. बुधवारी एकशेदहा. गुरुवारी पंच्याऐंशी. शुक्रवारी मी कपाळ धरून बसलो तर मामांनी वाकून विचारलं, “किती पाहिजे होते?”

“मामा, पाहिजे असं नसतं. जेवढे आहेत तेवढे.”

“तसं नाय. मागच्या वर्षीची ती सिन्नर होती ना, तिला नव्वद पाहिजे होते. तिच्या पुस्तकात तसं होतं. दिले नव्वद.”

मी फाइल उघडली. सहा वर्षांची फाइल, उशीएवढी जाड. दर तीन महिन्यांनी नवा विद्यार्थी, नवं अक्षर. आणि आकडा? एकशेदहा. पुन्हा एकशेदहा. निळ्या शाईत एकशेदहा, काळ्या शाईत एकशेदहा. आधीच्या पानावर बघायचं, मामांना सांगायचं, मामा आणून द्यायचे. मध्येच त्या सिन्नरचे नव्वद, बाकी एकाच आकड्याचं सुलेखन.

मग मी आजार कसा आला ते वाचायला घेतलं, तर तिथे आणखी गंमत. एका पानावर मामा बाथरूममध्ये पडले होते. दुसऱ्यावर सकाळी उठले तेव्हाच हात हलत नव्हता. तिसऱ्यावर बसमध्ये.

“मामा, नक्की काय झालं होतं?”

“फारममध्ये काय विचारलंय?”

“अचानक झालं की हळूहळू, असं विचारलंय.”

“मग तुला कुठलं बरं पडतं?”

मी निकिताकडे गेलो. ती म्हणाली, “सोपं आहे. ते नाटक करतात. हात बरा झालाय, फाइल बंद होऊ नये म्हणून पाडून ठेवतात. त्या दिवशी उजवा कसा पाडला, बघितलास ना?”

हे मला पटलं. मग वाटलं, बरा झालेला माणूस आकडा खाली आणेल. हे तर मागू तितका वर नेतात. मग तेही पटेना. मग दोन्ही पटायला लागलं. मी मराठी शाळेतला माणूस आहे, पण ह्यात भाषेचा काही संबंध नव्हता. इंग्रजीतही मला काही कळलं नसतं.

दुसऱ्या सोमवारी मामांनीच मला कोपऱ्यात घेतलं. फाइल बंद व्हायची गोष्ट त्यांना कळली होती. ओपीडीत अशा गोष्टी भिंतींनाही कळतात.

“सुधारना पाहिजे ना त्या बाईंना?” ते हळू आवाजात म्हणाले. “मग एकशेवीस लिही. एकशेदहाचे एकशेवीस. दोन आठवड्यांत दहा. तुझंबी नाव होईल, माझी फाइलबी चालू राहील.”

“आणि मॅडमनी स्वतः मोजलं तर?”

“मी देतो ना काढून. एकशेवीस काय लांब नाय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “घरी बसून काय करू रे? इथं सकाळी ड्युटी असते.”

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. ह्या माणसाने माझ्यासाठी चांगला हात पाडला होता, आणि मी त्याला एक गुडघासुद्धा अजून दिला नव्हता. रोज विचारायचे, रोज मी ‘उद्या’ म्हणायचो.

फाइलच्या शेवटी एक पान असतं, ‘घरची पाहणी’. पायऱ्या किती, संडास कसला, पलंगाची उंची काय. सहा वर्षांत ते कुणीच भरलं नव्हतं. मॅडमना निदान एक तरी नवं पान दाखवावं म्हणून मी रविवारी सकाळी पेठ रोडला मामांच्या घरी गेलो.

मामा नव्हते. दाढी करायला गेले होते. दार सगुणाबाईंनी उघडलं. मामांची बायको म्हणून मी त्यांना मामी म्हणालो, तर त्यांनी मला खालून वर बघितलं.

“तू तो नांदगाव?”

“हो.”

“ज्याच्यासाठी हात पाडला होता तो?”

म्हणजे बातमी घरीपण पोचली होती. त्यांनी पाणी दिलं, पोहे टाकते म्हणाल्या. मी नको म्हणालो, त्यांनी टाकले. मी पायऱ्या मोजल्या, पलंग मोजला. मामी कढईपासूनच बोलत होत्या. “दवाखान्यात लय नाव हाय म्हनं आमच्या मानसाचं? घरी तर हात खिशात. चहाचा कपसुद्धा त्या हातानं नाय उचलत. मी म्हनलं, तिकडं काय उचलता मग?”

मी मोजपट्टी हातात घेऊन उभाच राहिलो. दवाखान्यात एकशेदहा, घरी खिशात?

आणि मग मला ती खुर्ची दिसली. साधी लाकडी, हात नसलेली खुर्ची. पण ठेवली होती कपाट आणि भिंत ह्यांच्या मधल्या फटीत, अगदी घट्ट. माणूस बसला तर दोन्ही बाजूंनी चेपला जाईल. आणि खुर्चीच्या समोर वर, छताच्या कडीला दोरी, दोरीला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी.

“हे काय?”

“हे त्यांचं,” मामी म्हणाल्या. “हरसूलच्या बाजारातून आनली घंटी. तिथं बसायचं आन डाव्या हातानं दोरी वढायची. उजव्यानं वाजवायची नाय, असं स्वतःशीच ठरवलंय. रोज सकाळी धा-पंधरा मिनिटं बसतात.”

“मग?”

“मग काय. सहा वर्षं झाली. अजून वाजली नाय.”

मी त्या फटीत जाऊन बसलो. डावा हात वर केला, दोरी सहज आली. मग डावा हात लुळा आहे असं समजून, मामा ओपीडीत करतात तसं केलं. म्हणजे अंग उजवीकडे टाकायला गेलो. तर कपाट! अंग हललंच नाही.

तेव्हा ट्यूब पेटली. चालत्या गाडीत, गर्दीत, कंडक्टर दोरी कशी गाठतो? हात पुरत नसेल तर सगळं अंग टाकतो. मामांनी आम्हाला सहा वर्षं तेच दिलं होतं. अंग उजवीकडे झुकवलं की डावा हात आपोआप वर दिसतो. आमची एक पट्टी अंगाशी हवी. आम्ही ती मागच्या भिंतीच्या रेघेशी धरून आकडा वाचत होतो. जितकं मागाल तितके ते झुकायचे. दोन गाड्या भरून पोरं, आणि झुकलेला माणूस एकालाही दिसला नाही. मलाही नाही.

घरी मात्र त्यांनी स्वतःला झुकता येऊ नये अशी जागा शोधली होती.

पोहे खाताना मामींनी लकव्याची गोष्टही सांगितली. हरसूलचा बाजार, गाडी गच्च. मामा मागून पुढे तिकिटं फाडत येत होते आणि तिकिटाचं मशीन डाव्या हातातून पडलं. उचलायला गेले तर हात उचलेना. शेजारच्या बाईला म्हणाले, “माझा हात कुनी धरलाय का?” ड्रायव्हरने आरशात त्यांचं वाकडं झालेलं तोंड बघितलं आणि गाडी कुठेच न थांबवता थेट नाशिकला दवाखान्याच्या दारात आणली.

“त्र्यंबकला उतरायचे अकराजन होते,” मामी म्हणाल्या. “कुनीच गाडी थांबवा म्हनलं नाय. नाशिकला उतरले आन गेले. त्यांना परत कुनी नेलं, हे अजून काढतात ते. अकराजन, अकराजन. पोरगी झाली तेव्हा रडले नव्हते एवढे.”

मी निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, “मी हे सांगितलं हे सांगू नको.” मी हो म्हणालो. त्या दिवसांत मी कुणालाच नाही म्हणत नव्हतो.

आता माझ्याकडे दोन आकडे होते. एकशेवीस लिहिला तर मामा खूश, मॅडम खूश, माझी सही पक्की. खरा लिहिला तर तो एकशेदहाच्या कितीतरी खाली. म्हणजे कागदावर काय दिसणार? सहा वर्षं ठीक होता, रविराजच्या हातात दोन आठवड्यांत घसरला. आणि मॅडम म्हणाल्या, सुधारणा नाही, बंद करा फाइल, तर मामांची ड्युटी मीच घालवली. मी निकिताला विचारलं. ती म्हणाली, “खरं लिही.” ती पहिली येते, तिचं काय जातं?

सोमवारी मामा पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्टुलावर बसले, मला डोळ्याने विचारलं, एकशेवीस ना? मी मान हलवली. ती कुठल्या दिशेने हलली ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

मॅडम आल्या. “किती आले?”

“आत्ता मोजतो मॅडम. तुमच्यासमोर.”

“टिंग टिंग,” मामा म्हणाले.

मी मुद्दाम त्यांच्या पाठीमागे उभा राहिलो. मागून दोघांच्याही उजव्या बाजू एकीकडेच येतात, हा शोध मला चौथ्या वर्षी लागला. मामांनी श्वास घेतला, डावा हात निघाला आणि अंग उजवीकडे झुकायला लागलं. मी माझा उजवा तळवा त्यांच्या उजव्या बरगडीला लावला आणि कपाटासारखा घट्ट उभा राहिलो.

अंग थांबलं. मामांनी अजून जोर केला. इस्त्रीचा शर्ट माझ्या हाताखाली चुरगळला. डावा हात पोटापासून थोडा पुढे आला, हलला, आणि तिथेच राहिला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. विनातिकीट सापडलेल्या ओळखीच्या माणसाकडे कंडक्टर कसा बघत असेल, तसं.

“टिंग,” ते अगदी हळू म्हणाले.

मॅडमनी पुढून पट्टी लावली. “अठ्ठावन्न.”

निकिताला ह्या वेळी खोकला आला नाही. मॅडम फाइलची पानं मागे मागे उलटत गेल्या. एकशेदहा, एकशेदहा, एकशेदहा. मग त्यांनी विचारलं, “ह्यांच्यावर उपचार कुणी केले?”

मी म्हणालो, “खूप जणांनी मॅडम. सहा वर्षं...”

“तपासणी खूप जणांनी केली. ती दिसतेय मला. ठोकलं सगळ्यांनी. खांद्यावर काम कुणी केलं?”

मी पानं बघितली. रिफ्लेक्स, संवेदना, कोन, सह्या. शोधत गेलो. आम्ही सगळे ह्या माणसावर शिकून गेलो होतो.

“फाइल चालू,” मॅडम म्हणाल्या. “तीन महिने, रोज, फक्त उपचार. हातोडी बंद. परीक्षेला केस म्हणून ह्यांना बोलवायचं नाही.” माझ्या लॉगबुकात त्यांनी सही केली आणि शेरा लिहिला: ‘मोजणी बरोबर. डावे-उजवे पक्के करावे.’

म्हणजे मामांना हवं होतं ते मिळालं. फाइल चालू राहिली. मला वाटलं ते खूश होतील. ते उठले, बॅग खांद्याला अडकवली आणि म्हणाले, “एकशेदहाचे अठ्ठावन्न. हाफ तिकीट केलंस माझं.”

“मामा, आता खरा उपचार...”

“बरं, डॉक्टर.”

चार दिवस ते मला डॉक्टर म्हणाले. रोज खांद्याचं पातं धरून मी हात हलवून द्यायचो आणि ते छताकडे बघत पडून राहायचे. बेल नाही, काही नाही. नवा विद्यार्थी सवयीने हातोडी घेऊन आला तर म्हणाले, “बंद हाय. आता मी शिकवत नाय.” बाकावर नव्या पेशंटजवळ सरकायचेही बंद झाले. मी त्यांचं काम घालवलं होतं की परत मिळवून दिलं होतं, हे मला चारही दिवस ठरवता आलं नाही. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, “खांदा बघा.”

पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी मी स्वतःहून पलंगावर बसलो. सगळ्यांसमोर, निकितासमोर. पँट गुडघ्यापर्यंत वर केली.

“घ्या मामा. तुमचा गुडघा.”

मामांनी माझ्या पायाकडे बघितलं. “हा डावा हाय.”

“कुठलाही घ्या.”

त्यांनी बॅगेतून हातोडी काढली. उजव्या हातात तोलली, एकदा हवेत हलवून बघितली. बाकावरचे सगळे पेशंट वाकून बघत होते. आणि मग त्यांनी हातोडी परत बॅगेत टाकली.

“असा नाय,” ते म्हणाले. “उजव्यानं कुनीबी ठोकील. डाव्यानं ठोकीन. तवर गुडघा तुझ्याकडंच राहू दे. आन ऐक, ए नांदगाव...”

चार दिवसांनी ते नाव ऐकून मला एवढं बरं वाटलं की पुढचं काय म्हणाले ते नीट कळलंच नाही. बहुतेक ‘पँट खाली कर’ असं म्हणाले.

आता माझं पोस्टिंग वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या विभागात आहे. मामा खाली येतात. जिन्यात भेटले की मी विचारतो, “मामा, किती झाले?”

“तुला किती पाहिजे?” ते म्हणतात.

मी त्यांच्या तोंडाकडे बघतो. चेष्टा करतायत की राग अजून आहे, काही कळत नाही. खाली जाऊन फाइल बघता येईल, पण त्यात लिहिलेल्यावर विश्वास ठेवायची सवय आता गेली. घंटी वाजली का, हेही विचारता येत नाही. मामींनी ते सांगू नको म्हटलंय. गुडघा मात्र द्यायचा राहिलाय. दोन्हीपैकी कुठला, तेही ठरलेलं नाही.